मुकादमिणीचे डोळे

त्या आठवड्यात बेबीनंदाला एका जागी बसवेना. शेडनेटमध्ये या रांगेतून त्या रांगेत, घरी आली की चुलीपुढून दारात आणि दारातून परत चुलीपुढे. नवरा कल्याण म्हणाला, "पायाला भिंगरी लागली का तुझ्या?" तर त्याच्यावरच खेकसली. खाई त्याला खवखवे म्हणतात ते उगाच नाही. बेबीनंदाने खाल्लं होतं, आणि खवखव आता गळ्याशी आली होती.

बेबीनंदा म्हणजे वडीगोद्रीच्या रस्त्यावरच्या शेडनेटमधली मुकादमीण. तिच्या टोळीतल्या बाया मिरचीचं बियाणं करतात. काम नाजूक. कळी उमलायच्या आधी चिमट्याने उघडायची, आतले नर, म्हणजे परागाचे केसर, एकूण एक काढायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या जातीचा पराग लावायचा आणि देठाला लाल दोरा बांधायचा. एखादा नर आत राहिला की कळी आपली आपणच फळते, बियाण्यात भेसळ होते. तपासणीत भेसळ सापडली तर माल नापास आणि टोळी घरी. म्हणून मुकादमिणीची नजर घारीची लागते. बेबीनंदाची तशी होती. होती म्हणजे, हल्ली नव्हती. डाव्या डोळ्यापुढे कोळ्याचं जाळं तरंगायला लागलं होतं, पुसलं तरी जाईना. तिने कुणाला सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

उलट ती दुसऱ्यांवर जास्तच डाफरायला लागली होती. सगळ्यात जास्त द्वारकाबाईवर. दोघी एकाच साली या गावात नांदायला आलेल्या, एकाच बांधावर भाकरी सोडणाऱ्या. द्वारकाबाईचा नवरा वारला तेव्हा तिला टोळीत आणलं तेही बेबीनंदानेच. पण हल्ली द्वारका भारी रेंगाळायची. आपली रांग झाली तरी पुढची धरायची नाही, बेबीनंदाने करून टाकलेल्या रांगेतच घुटमळत राहायची.

"चिमटा चालवून राह्यली का माळ जपून राह्यली?" बेबीनंदा ओरडायची.

"आले ना बाई, जीव खाऊ नको," असं म्हणून द्वारका हसायची.

मग गावात एक पांढरी गाडी आली. सातासमुद्रापलीकडच्या कुण्या शेठची. त्या शेठने पैसा इतका कमावला होता म्हणे की त्याच्या नातवंडांच्या नातवंडांना संपायचा नाही. म्हणून त्याने डोळे तपासणारी मशीन करवून घेतली आणि गरिबांच्या मुलखांत फिरायला सोडली. डॉक्टर नको, काही नको. पडद्याआड हनुवटी टेकवायची, उजेड चमकतो, मशीन स्वतःच ओळखते आत काय बिघडलंय ते. पुढचा खर्चही शेठचाच.

गाडी चालवणारा कलीम जुन्या जालन्यातला. तो बाहेर टॅब घेऊन नावं टाकत होता. त्याच्या शेजारी खुर्ची टाकून कंपनीचा सुपरवायझर भारत बसलेला, एक डोळा टॅबवर. बेबीनंदाने ते पाहिलं. आपलं नाव लाल होऊन तिथे उमटलं तर दुसऱ्याच दिवशी मुकादमी दुसरीकडे.

टोळीची एक जुनी रीत होती, बदलीची. एखादीला माहेरी जायचं असलं की तिची जाऊ तिच्या नावावर कामाला यायची. हजेरीत नाव तिचं, हात जावेचे. कंपनीला काम हवं, नाव कुणाचंही असो. शिवाय कुठलीही योजना आली की नाव आणि फोन नंबर मुकादमिणीनेच सांगायचे, कारण बायांना आपले नंबर पाठ नसायचे. तर द्वारका पडद्याआड गेली तेव्हा बेबीनंदाने कलीमला सांगितलं, "बेबीनंदा." आणि स्वतःची पाळी आली तेव्हा, "द्वारकाबाई." नंबरही तसेच.

द्वारकाचं वाईट करावं असं तिच्या मनात नव्हतं, हे आपण मान्य करू. तिचा हिशेब साधा होता. काही निघालंच तर मेसेज येईल, आणि मेसेज आला की प्रत्येक बाई फोन घेऊन आपल्याकडेच येते, वाचून दे म्हणून. तेव्हा द्वारकाला गुपचूप सांगू आणि तिच्या नावावर आपणच जालन्याच्या दवाखान्यात जाऊन येऊ. बदली.

पण त्या शेठने मशीनला बोलायला शिकवलं होतं. मेसेज आलाच नाही. द्वारकाबाईच्या फोनवर थेट फोन आला, आणि एक मऊ, पुस्तकी आवाज म्हणाला, "नमस्कार द्वारकाताई. तुमच्या डाव्या डोळ्याच्या पडद्यावर रक्त झिरपलेलं दिसतंय. साखरेमुळे असं होतं. लवकर उपचार झाले तर नजर वाचेल, उशीर झाला तर जाऊ शकते. नेणं-आणणं, इंजेक्शन, सगळं मोफत आहे. गाडी कधी पाठवू?"

द्वारकाने फोन कट केला आणि खाली बसली. तिकडे बेबीनंदाच्या फोनवर तोच आवाज आनंदाने सांगत होता की ताई, तुमचे डोळे अगदी उत्तम आहेत.

"अगं, मशीनचं काय खरं धरती?" संध्याकाळी बेबीनंदा तिच्या घरी जाऊन म्हणाली. "चुकती ती बी."

"एवढ्या मोठ्या शेठची मशीन खोटं कशाला बोलंल? त्याला माझ्याकडून काय पायजे?" द्वारका म्हणाली. "आन् खरंच गं, मला फोन आल्यापासनं अंधुकच दिसायलंय."

आत्ता सांगावं असं बेबीनंदा घोकत होती, आणि आत्ता नको, उद्या, असंही. तेवढ्यात द्वारका डोळे पुसत म्हणाली, "सुई म्हणे डोळ्यातच घालतात. नजर राहिली तर राहिली. त्याच्या आधी पोरीचं उरकून टाकते. डोळ्यांदेखत झालं की सुटले. घनसावंगीचं ते स्थळ अजून थांबलंय."

पोरगी म्हणजे शीतल. जालन्याच्या पॉलिटेक्निकमध्ये शेवटच्या वर्षाला. स्थळ वाईट नव्हतं. ट्रॅक्टर, विहीर, पोरगा निर्व्यसनी. फक्त सुनेने घर सांभाळावं, शिक्षण पुरे, एवढंच त्यांचं म्हणणं. याच म्हणण्यावर द्वारकाने त्यांना आधी नाही कळवलं होतं. आता तिनेच फोन करून बोलावलं. शीतल आईला "एकदा दवाखान्यात तर चल" म्हणून विनवून थकली, रडली, आणि शेवटी तिने नाद सोडला. आंधळी होऊ घातलेल्या आईशी किती भांडणार?

बेबीनंदा दुसऱ्या दिवशी चालत थेट चौकात गेली. कलीमची गाडी तिथेच उभी होती, शेजारच्या गावच्या बायांसाठी. तो चहा पीत होता.

"कलीमभाई, एखादीचं नाव चुकून दुसरीला लागलं असंल तर?" तिने उगाच विचारल्यासारखं विचारलं.

"नाव मी टाकतो मौशी. मशीनला नावाशी काय घेणं-देणं? तिला बोलले की ही रामप्रसाद हाय, तर ती रामप्रसाद म्हणंल. डोळा मात्र बिलकुल बराबर वळखती." त्याने ग्लास ठेवला. "हीच मशीन आफ्रिकेत बी फिरून राह्यली. लाखो लोकांचे डोळे वाचले म्हणतेत."

"एका माणसाकडं एवढा पैसा असावा तरी कशाला?" बेबीनंदा चिडून म्हणाली. चिडायला तिला कुणीतरी हवंच होतं.

"नसावा, मी बी तेच बोलतो. उद्या त्याचं मन फिरलं तर ही गाडी बंद. पण मौशी, डोळ्याचा डॉक्टर तुमच्या गावात कधी आल्ता का? न्हाई ना? मंग आलेलं पाणी भरून घ्यावं. पाऊस कुणाचा, ढग कुणाचा, ते मागनं भांडू."

दैव देतं आणि कर्म नेतं, हे बेबीनंदाला आयुष्यात पहिल्यांदा इतकं लख्ख कळलं. कुठल्या कोण परक्या माणसाची संपत्ती समुद्र ओलांडून तिच्या दारापर्यंत आली होती, तिचा डोळा वाचवायला. आणि दारात तिने सांगितलं होतं की इथे बेबीनंदा राहत नाही. तोंडाशी आलेलं तिने पुन्हा गिळलं आणि घरी आली. रात्र तिने या कुशीवरून त्या कुशीवर काढली.

दुसऱ्या दिवशी द्वारकाच्या अंगणात सतरंजी पडली. घनसावंगीचे पाहुणे आले, टोळीतल्या बाया जमल्या, चहा झाला, सुपारी फोडायची वेळ आली. शीतलला पाटावर बसवलं. द्वारका नवरा नसलेली, म्हणून पहिलं कुंकू सवाष्णीने लावायचं, आणि सवाष्ण म्हणून द्वारकाने बेबीनंदालाच बोलावलं होतं. "माझ्या पोरीला तुझ्याच हातचं लागू दे," असं सकाळीच सांगून ठेवलेलं.

बेबीनंदा करंडा घेऊन वाकली. डाव्या डोळ्यापुढचं जाळं आता काळं झालं होतं. पोरीचं अर्धं तोंड तिला दिसत होतं, अर्धं नाही. दिसत होतं त्या अर्ध्या तोंडावर एक सुकलेला ओघळ होता.

तिने करंडा खाली ठेवला.

"हे कुंकू मी लावणार न्हाई," ती म्हणाली. "द्वारकाचे डोळे चांगले हायेत. खराब माझे हायेत. नावं मी उलटी सांगितली."

कुणाला काही कळेना. पाहुण्यांतली एक बाई म्हणाली, "भानामती झाली का हिला?" द्वारका उठून जवळ आली. तिला वाटलं, मैत्रीण आपल्यासाठी काहीबाही बोलतेय.

"माझं दुखणं बी बदलीवर घेती का आता? गप बस, बेबी."

"तुझं न्हाईच ते! तू पडद्याआड होतीस तवा मी कलीमला माझं नाव सांगितलं. भारत बसला व्हता तिथं. मुकादमी जाईल म्हणून भ्याले. तुला सांगणार व्हते, रोज सांगणार व्हते." बेबीनंदा भर अंगणात रडत होती, आणि आयुष्यात ती चारचौघांत कधी रडली नव्हती.

द्वारकाचा हात उठला. सगळ्यांना वाटलं, आता देते एक ठेवून. पण हात अर्ध्यातच थांबला.

"मुकादमी जाईल म्हणून?" ती म्हणाली. "अगं बये, मी तुझ्या रांगंत काय माळ जपत व्हते का? तुझ्या कळ्यांतले राहिलेले नर तुझ्यामागनं कोण काढत व्हतं? रोज! चार बायांना ठाऊक हाय, कुणी ब्र काढला न्हाई. तुझे डोळे गेलेत हे टोळीला कवाचंच माहीत हाय. आन् तू मलाच आंधळी करून ठेवली!"

बेबीनंदाने टोळीतल्या बायांकडे पाहिलं. एकेकीने मान खाली घातली. म्हणजे जे तिने जिवापाड झाकलं होतं ते सगळ्यांनी मिळून झाकलं होतं, आणि वर तिच्या शिव्याही खाल्ल्या होत्या. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मंग सुपारीचं काय करायचं?" मुलाच्या काकाने घसा खाकरून विचारलं.

द्वारकाने पोरीकडे पाहिलं. "पोरीचं शेवटचं वर्ष हाय पाव्हणं. तुमच्यानं थांबवत असंल तर थांबा, न्हाईतर राम राम. माझे डोळे शाबूत हायेत, मला वाट बघता येती."

शीतल पाटावरून उठली ती तडक घरात गेली. आतून दप्तराच्या चेनचा आवाज आला.

तेवढ्यात द्वारकाचा फोन वाजला. तिने नंबर पाहिला आणि स्पीकर लावला. "नमस्कार द्वारकाताई," तो मऊ आवाज म्हणाला. "तुम्ही अजून आला नाहीत. तुमच्या डोळ्याची काळजी वाटते म्हणून परत फोन केला."

द्वारकाने फोन बेबीनंदापुढे धरला. "घे. तुझा हाय."

बेबीनंदाने पदराने तोंड पुसलं आणि फोन हातात घेतला. "मी बेबीनंदा बोलून राह्यले," ती म्हणाली. "नाव चुकीचं पडलंय. डोळा माझाच हाय. गाडी पाठवा."

"बरं झालं सांगितलंत, बेबीनंदाताई," आवाज म्हणाला. त्याला राग नव्हता, नवलही नव्हतं. "अंधुक कधीपासून दिसतंय?"

बेबीनंदाने फोन परत द्वारकाकडे वळवला.

"पोळ्याच्या आधीपासनं," द्वारका म्हणाली. "आधी डावीकडच्या कळ्या सुटायच्या. दिवाळीपासनं लईच सुटून राह्यल्यात."