गाडी वहिनी चालवत होती

बादलीची कडी खणकन पडली, तसं सगळं घर दचकलं.

रविवारची सकाळ होती. चहा होऊन गेला होता, पण घरात कुणाच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. बाथरूममध्ये थोरली सून दिराचा शर्ट धूत बसली होती. शर्टावर ओकारी वाळली होती. कितीही साबण घासला तरी तो आंबूस, दारूचा भपका हटत नव्हता. तिच्या नखांत जाऊन बसला होता.

"हळू गं," सासूबाई बाहेरून कुजबुजल्या. "झोपलाय तो. रात्रभर तळमळत होता बिचारा."

बिचारा! सुनेने शर्ट असा पिळला की शिवण उसवली.

हा बिचारा काल दुपारी पुतणीला "चल चिमणे, फुगे आणू" म्हणून गाडीतून घेऊन गेला होता. फुगे राहिले बाजूला, तो मित्राच्या घरी 'बसला', आणि सहा वर्षांची पोर त्या परक्या घरात टीव्हीसमोर जांभया देत राहिली. परतताना वळणावर त्याने सायकलवरून पाव पोचवणाऱ्या एका माणसाला उडवलं. दुपारची वेळ, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पाववाला बेशुद्ध पडला. अशा वेळी माणूस आधी अँब्युलन्सला फोन लावतो. याने लावला थोरल्या भावाला. थोरला स्कूटरवरून धावत आला, धाकट्याला मागच्या गल्लीतून घरी पिटाळलं आणि मग कुठे त्याला अँब्युलन्स आठवली. चिमणी तोवर मागच्या सीटवर कपाळाला आलेलं टेंगूळ धरून बसली होती. पाव रस्ताभर विखुरले होते, असं तिने आईला सांगितलं. "आणि काका गाणं म्हणत होता, आई. डोळे मिटून."

गाडी सुनेच्या नावावर होती. इस्पितळाच्या लॅबमध्ये तिची पगाराची नोकरी, त्यामुळे कर्ज तिला चटकन मिळालं. विमाही ओघाने तिच्याच नावाचा. किल्ली मात्र तिच्या हाती कधी आली नाही. तिचे वडील टेम्पो चालवायचे, त्यांनी तिला लग्नाआधीच गाडी शिकवली होती. घाटातसुद्धा हात कापत नसे तिचा. पण या घरात किल्ली मागितली की दीर हसायचा, "वहिनी, आधी भिंतीला विचारून या, बाजूला सरकते का!" सासूबाई हसायच्या. नवराही हसायचा, आणि मग "अगं गंमत करतोय तो" म्हणून तिची समजूत घालायचा.

दुपारी विम्याचा एजंट आला. गुबगुबीत, घामेजलेला, बोलण्यात लोणी. सोफ्यावर बसल्याबसल्या त्याने बूट काढून पाय मोकळे केले, जणू घरचंच माणूस.

"काही घाबरायचं नाही," तो म्हणाला. "धाकटे साहेब चालवत होते आणि घेतलेली होती, हे कळलं तर कंपनी हात वर करणार. शिवाय पोलिसांचं झेंगट. तेव्हा गाडी वहिनी चालवत होत्या. झालं!"

सून स्वयंपाकघराच्या दारात पाण्याचा ग्लास घेऊन उभी होती. ती तिथे असताना तिच्याबद्दल हे बोलणं चाललं होतं.

"मी तर घरी झोपले होते," ती म्हणाली. "नाइट ड्यूटी करून आले होते."

"अहो वहिनी, कुठे झोपला होतात ते कोण विचारतंय?" एजंट मनापासून हसला. "ब्रेकच्या जागी अ‍ॅक्सिलरेटरवर पाय पडला म्हणायचं. संपलं. बाई चालवत होती म्हटलं ना, की समोरचा पुढचा प्रश्नच विचारत नाही. मान हलवतो आणि लिहून घेतो. माझ्याकडे दर आठवड्याला एखादी तरी वहिनी असतेच. परवा तर एका घरात आजीबाईंना बसवलं स्टिअरिंगवर!"

सासूबाईंना तोंडाला पदर लावून हसू आवरावं लागलं. दीर कोपऱ्यात मोबाइल चाळत होता. त्याचे डोळे अजून तांबारलेले होते.

"भाऊजी," ती म्हणाली, "तुम्ही काही बोलणार आहात का?"

"मी काय बोलू वहिनी? डोकं ठणकतंय माझं."

"त्याचं लग्न ठरायचंय गं," सासूबाई म्हणाल्या. "त्याच्यावर शिंतोडा उडाला तर जन्माचं होईल. तुझं काय, तुझा संसार मांडून झालाय. चार लोक चार दिवस म्हणतील, बाईमाणूस आहे, चुकली. आणि विसरतील."

"आणि त्या पाववाल्याचा विचार करा," एजंटने आवाज खाली आणला. "खरं सांगितलंत तर कंपनी त्याला दमडी देणार नाही. गरीब माणूस. तुमच्या खरेपणापायी त्याचं घर बसेल."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो वाईट माणूस नव्हता. मुलीला ताप आला की रात्रभर उशाशी बसणारा, बायकोच्या ड्यूटीच्या दिवशी भाजी चिरून ठेवणारा. आत्ता तो पाण्याच्या बाटलीवरचं लेबल नखाने सोलत होता. लेबल सगळं निघालं, तरी त्याने मान वर केली नाही.

घर कसं लखलखीत होतं पाहा. फरशी पुसलेली, पडदे धुतलेले, पाहुण्याला बशीत बिस्किटं. आणि त्या स्वच्छ खोलीत चार माणसं एका बाईला पोतेरं समजून तिने घाण पुसावी म्हणत होती. आणि त्यात कुणालाच काही घाण वाटत नव्हतं.

सोमवारी ती नेहमीसारखी लॅबमध्ये गेली. हाडांच्या वॉर्डातल्या एका रुग्णाचं रक्त घ्यायचं होतं. खाटेपाशी गेली आणि जागीच थिजली. पाय प्लॅस्टरमध्ये, खांद्याला पट्टी. पायथ्याशी घडी करून ठेवलेला पांढरा अ‍ॅप्रन, त्यावर बेकरीचं नाव. पाववाला.

त्याची बायको उशाशी बसली होती. तिने आपणहून नवऱ्याची बाही वर सारून दिली.

"हळू घ्या हं ताई. सुईला फार भितात हे."

"हळूच घेते." तिने शीर चाचपली. हाताला सवय होती म्हणून तो नीट चालला. 

"कोण होतं गाडीत?" तिने विचारलं. न विचारता राहवेना.

"बाई होती म्हणे कुणीतरी." बायकोने तोंड वाकडं केलं. "त्यांच्याकडचा माणूस आला होता सकाळी, जाड्यासा. तो सांगत होता. बाईच्या हातात कशाला देतात हो गाडी? येत नाही तर घरी बसावं की! माझ्या माणसाला मारलं असतं सटवीने."

"जाऊ दे गं," पाववाला खोल आवाजात म्हणाला. "मुद्दाम थोडंच केलंय तिने. घाबरली असेल बिचारी."

सुई निघाली. तिने कापूस दाबून धरला, जरुरीपेक्षा जास्त वेळ. ही सटवी म्हणणारी बाई तिच्याशी किती आपुलकीने वागत होती! तिने अजून हो म्हटलं नव्हतं, ना कशावर सही केली होती. आणि तिच्या नावाची घाण रुग्णाच्या खाटेपर्यंत येऊन पोचलीसुद्धा होती. कुणी हरकत घेतली नव्हती. ज्याचा पाय मोडला त्याच्या बायकोनेही नाही. बाई म्हटल्यावर तिलाही पुढचा प्रश्न पडला नव्हता.

बेसिनवर जाऊन तिने हात धुतले. पुन्हा धुतले. वास गेला नाही.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा कंपनीचा सर्व्हेअर बाहेर गाडीचे फोटो काढत होता. एजंट त्याच्या मागे मागे, गुळावरच्या माशीसारखा घोटाळत होता. ती चपला काढून आत गेली. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आतून सासूबाईंचा लाडिक आवाज येत होता.

"परत म्हण बघू. गाडी कोण चालवत होतं?"

"आई."

"आणि काय झालं?"

"आईचा पाय चुकला."

"शाब्बास गं माझी राणी! आणि काका कुठे होता?"

"काका..." चिमणी अडली. "पण आजी, काका तर..."

"काका घरी होता. काय? नाहीतर पोलिस काकाला घेऊन जातील. तुला चालेल का?"

"नाही."

"मग? म्हण. काका घरी होता."

"काका घरी होता," चिमणी म्हणाली, पाढे म्हणतात तशी.

ती दाराबाहेर थांबून ऐकत होती.  आपल्यावर आळ घेणं एक वेळ तिने गिळलंही असतं. या घरात इतकं काही गिळलं होतं. पण ही पोर! त्या गाडीत जिचं कपाळ फुटता फुटता वाचलं, जिच्या डोळ्यांदेखत माणूस आडवा झाला, तिच्याच तोंडात हे कोंबायचं? आज आईवर खोटं ढकलायला शिकली. उद्या स्वतःवर घ्यायलाही शिकेल. शहाण्यासारखी. आजी शाब्बास म्हणेल.

तिने दार उघडलं, मुलीला कडेवर उचललं. सहा वर्षांचं लांबोडकं पोर, पाय खाली लोंबत होते.

"अगं, मी जरा समजावत..." सासूबाई उठल्या.

"ऐकलं मी, आई."

दिवाणखान्यात सर्व्हेअर खुर्चीवर बसला होता. दीर आता आंघोळ करून, भांग पाडून, सभ्य होऊन बसला होता. नवरा खिडकीपाशी उभा होता.

"या मॅडम," सर्व्हेअर म्हणाला आणि मान वर करायच्या आधीच हसला. "तर गाडी तुम्ही चालवत होतात. ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर, असंच ना? होतं हो. आमच्या सौ.ही परवा गेटच घेऊन आत आल्या."

एजंट मोठ्याने हसला. दीरही हसला. तो हसला, हे तिने नीट पाहून घेतलं.

"नाही," ती म्हणाली.

"काय नाही?"

"मी चालवत नव्हते. मी घरी झोपले होते. गाडी हे चालवत होते, माझे दीर. दारू प्यायले होते. आणि मागच्या सीटवर ही होती."

 सर्व्हेअरचं हसू ओठांवर तसंच अडकून राहिलं, काढावं की ठेवावं हे न कळल्यासारखं.

"वहिनी शॉकमध्ये आहेत," एजंट पुढे सरकला. "साहेब, आपण उद्या..."

"शॉकमध्ये नाही. मला एकच सांगा," तिने सर्व्हेअरला विचारलं. "मी खरं सांगितलं तर त्या पाववाल्याला खरंच काही मिळणार नाही?"

सर्व्हेअरने एजंटकडे एक नजर टाकली. "कुणी सांगितलं असं? जखमी माणसाला कंपनी देतेच. दारूची केस असेल तर मग तेवढी रक्कम गाडीच्या मालकाकडून वसूल करते. म्हणजे मॅडम, तुमच्याकडून. आणि गाडीच्या दुरुस्तीचं काही मिळणार नाही."

"करा वसूल," ती म्हणाली. "माझा पगार आहे. पण मी जे केलं नाही ते माझ्या नावावर लिहायचं नाही. उद्या पोलिस चौकीत जाऊन मी हेच सांगणार आहे. आणि आधी त्या पाववाल्याच्या बायकोला सांगणार आहे."

"अगं बाई!" सासूबाई मटकन खाली बसल्या. "पोराला तुरुंगात घालायला निघालीस? या घराने तुझं काय वाईट केलं होतं?"

"वहिनी, तुम्ही माझ्या मुळावर उठलात," दीर ओरडला. भांग विस्कटला, सभ्यपणाही. "बायकांचं असंच असतं! वेळेला दगा!"

"भाऊजी, तो माणूस तिकडे मला 'घाबरली असेल बिचारी' म्हणतोय. तुम्ही एकदा तरी त्याचं नाव काढलंत?"

 दिराने रागाने चप्पल पायात सरकवली आणि तो निघून गेला. कुठे 'बसायला' गेला हे सगळ्यांना कळलं, आणि सगळ्यांनी दुसरीकडे पाहिलं.

सर्व्हेअरने तिचा जबाब लिहून घेतला. तिने तो शब्दन् शब्द वाचला आणि सही केली. नवरा तिच्या पाठीमागे उभा होता. एकदा त्याचा हात तिच्या खांद्यापर्यंत आला, आणि आईने हुंदका दिल्यावर परत गेला.

वाचकहो, तुमच्या ओळखीच्या एखाद्या घरातही अशी एखादी वहिनी असेल, जिचा पाय म्हणे ब्रेकऐवजी भलतीकडेच पडला. पुढच्या वेळी ही गोष्ट कुणी हसत सांगायला लागलं, तर पुढचा प्रश्न तेवढा विचारा.

पाहुणे गेल्यावर ती मुलीला घेऊन बाहेरच्या पायरीवर बसली. समोर चेपलेली गाडी उभी होती. चिमणी आईच्या मांडीवर डोकं ठेवून कपाळावरचं टेंगूळ चाचपत होती. तिने बराच वेळ विचार केला असावा.

"आई, मी खोटं बोलणार होते," ती म्हणाली. "मला आजीने शिकवलं."

"माहीत आहे राणी. तू नाही बोललीस ना शेवटी. झालं तर मग."

"हो."  चिमणीने मान वळवून आत पाहिलं. खिडकीत बाबा पुन्हा तसेच, पाठमोरे उभे होते.

"आई, बाबांना पण माहीत होतं ना, काका चालवत होता ते?"

"हो."

"मग बाबांना गप्प बसायला कुणी शिकवलं?"