टाकीचं बूच

सुतार तसा डोक्याने शहाणा माणूस, पण बायकोच्या झोपेचा प्रश्न आला की अक्कल गहाण ठेवायचा. बायको इस्पितळात नर्स. रात्रपाळी करून सकाळी यायची, अर्धा कप चहा तसाच ठेवून आडवी व्हायची. आणि नेमका तिच्या उशाशी, भिंतीपलीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये, याचा कॉम्प्रेसर. जुन्या खुर्च्या आणायच्या, घासून गुळगुळीत करायच्या आणि कॉम्प्रेसरच्या हवेवर स्प्रेगनने रंगवायच्या, हा त्याचा धंदा.

मोटरच्या घरघरीची तिला सवय होती. पण हल्ली यंत्राला नवीनच खोड लागली होती. हवेची टाकी भरली की मोटर आपोआप बंद करणारा स्विच बिघडला होता. मोटर चालूच राहायची, टाकीत हवा मावेनाशी व्हायची आणि मग सेफ्टी व्हॉल्व्ह ‘फुस्स’ करून जादा हवा बाहेर फेकायचा. तो वाजला की सुतार हातातलं काम टाकून चपला फटफटवत पळायचा आणि बटण बंद करायचा. नवा स्विच ‘उद्या येतोय’ असं दुकानदार म्हणत होता, आणि त्याचा उद्या काही उजाडत नव्हता.

दर फुस्सनंतर सुतार दाराच्या फटीतून आत डोकवायचा. बायकोने कूस बदललेली असायची. रात्रभर दुसऱ्यांच्या उशाशी उभी राहणारी बाई, आणि घरी तिला दोन घटका धड झोप मिळू नये!

शेवटी एका सकाळी, टाकी रिकामी असताना, त्याने पाना घेऊन तो व्हॉल्व्हच खोलला आणि त्याच्या जागी एक पितळी बूच घट्ट आवळून बसवलं. आता आवाज व्हायचं कामच नाही. दाबाच्या काट्यावर नजर ठेवायची, तो लाल रेघेपाशी आला की बटण बंद. इतकी साधी गोष्ट आपल्याला आधी कशी सुचली नाही, याचंच त्याला नवल वाटलं. सुचली नव्हती तेच बरं होतं, पण ते त्याला सांगणार कोण!

बायको आली, झोपली. सुताराने गॉगल लावला, तोंडावर मास्क चढवला, कानांवर ते गुबगुबीत इअरमफ बसवले. हे सगळं बायकोनेच मागे लागून घ्यायला लावलेलं. पहिल्या दोन वेळा त्याने काटा बघून मोटर इमानेइतबारे बंद केली. तिसऱ्यांदा ती चालू असताना खुर्चीच्या मागच्या पायावर रंगाचा एक ओघळ दिसला. ओघळ म्हणजे सुताराला जेवणातला खडा. तो ओला आहे तोवर टिपून घ्यावा म्हणून तो खाली बसला, टिपता टिपता रमला, आणि काटा आपल्या वाटेने निघून गेला.

खांद्यावर हात पडला तेव्हा तो दचकला. मागे बायको उभी होती. केस विस्कटलेले, पायात काही नाही. बटण बंद करूनच ती त्याच्यापाशी आली होती. त्याने इअरमफ उतरवले.

“का उठलीस? आज तर आवाजही नव्हता.”

“म्हणूनच उठले. मोटर कधीची चालू आहे आणि फुस्स नाही. काय केलंत?”

सुताराने बुचाकडे बोट दाखवलं. शाबासकीची थोडीशी आशाही होती त्याच्या चेहऱ्यावर. मग त्याची नजर काट्यावर गेली. काटा लाल रेघ ओलांडून पार कडेला जाऊन टेकला होता.

“बाहेर चला,” ती म्हणाली.

“थांब, बूच जरा सैल करतो.”

“हात लावून तर बघा! बाहेर व्हा म्हणते ना!”

कटकट्या पेशंटवरही जिचा आवाज कधी चढला नव्हता, ती ओरडली होती. सुतार मुकाट निघाला. नळी चांगली लांब होती. गनचा रंगाचा डबा काढून दोघं शेडबाहेर, विटांच्या जाड भिंतीआड जाऊन उभे राहिले. त्याने गनचं तोंड जमिनीकडे धरलं आणि खटका दाबला. हवा सुटायला लागली, ती थांबायचं नावच घेईना. बायकोने त्याचा दंड धरून ठेवला होता.

“तुझी झोप मोडत होती गं,” तो म्हणाला. “सारखी कूस बदलायचीस. मला बघवेना.”

“अहो, कूस बदलून परत झोपतच होते मी! वॉर्डात रात्रभर मशिनं वाजत असतात. वाजतायत तोवर माझा जीव थाऱ्यावर असतो. एखादं गप्प झालं की धावते. घरीही तसंच. फुस्स झालं, तुमच्या चपला वाजल्या, मोटर थांबली, म्हणजे तुम्ही ठीक आहात. आज मोटर नुसती चालतच राहिली. मी पडल्या पडल्या चपलांची वाट बघत होते...” मग ती हळूच म्हणाली, “ती टाकी फुटली असती तर मी काय केलं असतं हो?”

तिच्याशिवाय आपलं काय होईल हा विचार सुताराने पुष्कळदा केला होता, आपल्याशिवाय तिचं काय होईल हा कधीच नाही.

“चुकलो,” तो म्हणाला. “अक्कल चरायला गेली होती माझी.”

“चरायला गेलेली संध्याकाळी परत तरी येते!” ती म्हणाली, आणि हसता हसता रडायला लागली. त्याने मोकळ्या हाताने तिला जवळ घेतलं.

हवा संपली. काटा शून्यावर आलेला बघून सुताराने प्लग उपसला आणि बूच काढून भंगारात फेकलं. नवा स्विच बसेपर्यंत, आणि इतका ताण सोसलेली टाकी कुणा जाणकाराकडून तपासून होईपर्यंत, यंत्राला हात लावायचा नाही, असं त्याने स्वतःच कबूल केलं. तिने ते त्याच्याकडून परत एकदा म्हणवून घेतलं.

“झोप आता,” तो म्हणाला.

“तुम्ही इथे बसा.”

तो पलंगाच्या कडेवर टेकला. तिने त्याचा हात ओढून घेतला आणि तिची बोटं सवयीने मनगटावर नाडीपाशी जाऊन थांबली.

“अगं, ठणठणीत आहे मी.”

“गप्प बसा. मोजतेय.”

मोजता मोजताच तिला झोप लागली. बोटं तिथेच राहिली. सुताराची पाठ भरून आली, हाताला मुंग्या आल्या, कुणीतरी खुर्च्यांची चौकशी करायला दाराशी येऊन हाका मारून निघून गेलं. तो जागचा हलला नाही.