खुंटीवरचा स्वेटर

प्रयोगशाळेची सुरक्षा सांभाळणाऱ्या बाईंना तिथं सगळे फौजदारबाई म्हणत, अर्थात पाठीमागे. काम होतं बुरशीचं. पावावर येते ती साधी नव्हे. जनुकं बदलून घडवलेली, बारीक तंतूंनी पसरणारी आणि निळ्या दिव्याखाली हिरवीगार चमकणारी. तिचे बीजाणू पिठाहून हलके, श्वासाबरोबर कुठं जातील नेम नाही. म्हणून आतली कुठलीही वस्तू ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे तिथल्या त्या अगडबंब प्रेशर कुकरमध्ये, शिजल्याशिवाय दाराबाहेर काढायची नाही, हा बाईंचा कायदा. संचालकांचं आवडतं पेन एकदा आत राहिलं, तर बाईंनी तेही शिजवून, वाकडंतिकडं झालेलं, अदबीनं परत केलं होतं. इथली माशीसुद्धा हात धुऊन बाहेर पडते, असं लोक म्हणत.

हिरव्या चमकेची करामत बाईंच्या नवऱ्याची. तोही तिथंच कामाला. आत गारठा फार, म्हणून झग्याखाली आईनं विणलेला करडा स्वेटर घालायचा आणि घरी निघताना आतल्याच खुंटीला अडकवायचा. एका सकाळी कामावर येताना ट्रकनं त्याला रस्त्यातच गाठलं. स्वेटर खुंटीवर राहिला. त्याला हात लावणं कुणाच्या जिवावर येई, आणि त्याच्याकडे पाठ करून काम करणं त्याहून जड जाई. कुणीतरी मागं उभं राहून आपलं काम तपासतंय, असं वाटे.

शेवटी सासूबाईंनीच तो मागितला. धुऊ नकोस, म्हणाल्या, त्याचा वास राहू दे. बाईंनी मनाशी हिशेब मांडला. एका बाजूला कायदा. दुसऱ्या बाजूला हुंगायलाही काही न उरलेली म्हातारी. शिजवला तर लोकर आटणार, वास जाणार. आयुष्यात पहिल्यांदा कायद्याचं पारडं हलकं ठरलं. त्यांनी स्वेटर पिशवीत कोंबला आणि चोरासारख्या दाराबाहेर पडल्या.

सासूबाई तो उशीवर पसरून त्यावर गाल टेकून निजू लागल्या. रडून रडून लोकर ओलसर राही. मग त्या सांगायला लागल्या, की तो येतो. उशापाशी बसतो. कामावरून आल्यावर त्याच्या केसांना जो कोंदट, ओलसर वास यायचा, तोच येतो. बाई ऐकून घेत. दुःख माणसाला काय काय हुंगायला लावतं, असं त्यांना वाटे.

एका दुपारी सासूबाई समाधानानं म्हणाल्या, "हल्ली वास वाढलाय गं. रोज थोडा जास्तच जवळ येतो बघ."

भांडी विसळता विसळता बाईंचे हात थांबले. हिशेब जुळत नव्हता. गेलेल्या माणसाचा वास दिवसेंदिवस उणा होतो. वाढतं ते जिवंत असलेलं.

सासूबाईंना बाहेरच्या खोलीत बसवून, उशीच्या खोलीचं दार लावून त्या तशाच प्रयोगशाळेत गेल्या. निळी बॅटरी आणि चमक दाखवणारा नारिंगी चष्मा घेऊन परतल्या. तोंडाला मुखपट्टी बांधली, पडदे ओढले, बटण दाबलं. स्वेटरची कॉलर हिरवी पेटली. कोपर, खिसा, उशीला वेढून पडलेली बाही. आणि उशीच्या मधोमध, म्हातारीच्या गालानं पाडलेल्या खळग्यात, सगळ्यांत जास्त. क्षणभर बाईंना वाटलं, तो निजलाय. हाक मारली तर कूस बदलेल.

त्यांनी स्वेटरवर जंतुनाशक पाणी मारलं, बीजाणू उडू नयेत म्हणून. दोन पिशव्यांत बंद करून बाहेर आणला, तर सासूबाई दारातच उभ्या.

"त्याला कुठं नेतेस?"

"आई, हा तो नाही. त्यानं तयार केलेली बुरशी आहे."

"त्यानं तयार केलेली म्हणजे माझं नातवंडच की. दुसरं कुठलं मिळालं मला?"

बाईंना ते लागलं. पण हे लागून घ्यायची वेळ नव्हती. त्यांनी म्हातारीचा हात तिच्याच पोटावर ठेवला. तिथं मुलानं दिलेलं मूत्रपिंड होतं.

"हे अंगानं परकं समजून हाकलू नये, म्हणून तुम्ही गोळ्या घेता. त्या अंगातला पहारा निजवून ठेवतात, आई. त्याच दारानं ही बुरशीही फुप्फुसात शिरेल. मग त्यानं दिलेलं तेवढंही जाईल."

सासूबाईंनी दुसराही हात पोटावर ठेवला. मग म्हणाल्या, "शिजव. पण परत आण."

त्याच संध्याकाळी बाईंनी संचालकांना सगळं सांगितलं आणि प्रयोगशाळेच्या किल्ल्या त्यांच्या टेबलावर ठेवल्या. उशी, चादर, पडदे, सगळं कुकरमध्ये गेलं. इस्पितळात सासूबाईंच्या छातीच्या फोटोत एक फिकट ठिपका निघाला. जुनाही असेल, डॉक्टर म्हणाले; औषध सुरू करू आणि वाट पाहू.

स्वेटर परत आला तो आटून घट्ट झालेला, शाळेत नुकत्याच जाऊ लागलेल्या पोराच्या मापाचा. सासूबाईंनी हुंगून पाहिला. उकडलेल्या लोकरीपलीकडे काही नव्हतं. मग त्यांनी तो मांडीवर पसरला, इवल्या बाह्या सरळ केल्या.

"एवढाच होता," त्या म्हणाल्या. "दिवा लाव. आहे का बघ."

बाईंनी पडदे ओढले, चष्मा चढवला. स्वेटर मुकाट काळा राहिला.

"नाही, आई."

"बरं," म्हातारी म्हणाली, आणि खोकली.

बाई दचकल्या, हात हलला, निळा झोत म्हातारीच्या छातीवर गेला. फासळ्यांच्या आतलं या दिव्याला दिसत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. तरी त्यांनी आधी डोळे मिटले, आणि मग चाचपडत बटण बंद केलं.