सगळेच पांढरं घालतात

एक्याऐंशी साल संपत होतं. दुपारी फोन वाजला आणि प्रमोद मराठीत बोलला. रिओतल्या या घरात तो मराठी फक्त माझ्याशीच बोलतो. म्हणजे फोन गावाहून, बोळिंजहूनच. मी विचारलं तर म्हणाला, "राँग नंबर होता, आई."

"रिओत चुकून मराठी माणूस लागतो होय रे?"

तो बाथरूममध्ये शिरला आणि किती तरी वेळ बाहेर आला नाही.

हे माझ्याबरोबर आले नव्हते. केळीला पाणी कोण घालणार, म्हणून वाडीतच राहिले. मी निघाले तेव्हा खोकत होते.

तेवढ्यात सून आली. साडीएवढं लांब पांढरं कापड माझ्या अंगाला लावून बघायला लागली. मी ते हिसकावून फेकलं. "सवाष्ण आहे मी! पांढरं नेसवतेस मला?"

लूसियाला मराठी काय कळणार! प्रमोद धावत आला. "आई, उद्या नवं वर्ष. आज इथे सगळेच पांढरं घालतात आणि समुद्रात फुलं सोडतात."

फुलं सोडतात! आमच्याकडे अस्थींबरोबर सोडतात फुलं.

मी हिरव्या साडीतच निघाले. रस्त्यावर बघते तर खरंच अख्खं शहर पांढऱ्यात. पाववाला, बसचा ड्रायव्हर, कडेवरची पोरंसुद्धा. माझा जीव भांड्यात पडला. किनाऱ्यावर लूसियाने दिलेलं फूल मी लाटेत सोडलं आणि खदखदून हसले.

"तुझ्या बाबांना सांगितलं ना, तर वर्षभर चिडवतील मला!"

मी हसते म्हणून लूसियाही हसली. प्रमोद हसला नाही.

फोन कोणाचा होता, हे पुन्हा विचारायला माझं तोंड उघडेना.