मैनाताईचा शेरा

"माशाचा कल्ला उचल गो मैना, आत बघ. वरची चकाकी बरफाची असते."

मैनाची आई सखू दिवाळे गावच्या बाजारात मासळीच्या पाटीमागे बसून असं सांगायची, त्याला आता चाळीस वर्षं होत आली. आई गेली, पाटी गेली. नजर तेवढी लेकीकडे राहिली. वाशीला सातव्या मजल्यावर, कंपन्यांना माणसं निवडून देणाऱ्या ऑफिसच्या दारातल्या टेबलाशी बसून, पाण्याचा ग्लास पुढे करता करता मैना एकेका उमेदवाराचा कल्ला उचलून बघायची. कोण ग्लास परत आणून ठेवतो, कोण फोनवर बायकोवर खेकसतो, कोण शेजारच्या अनोळखी पोराचा टाय सरळ करून देतो.

संध्याकाळी मितेश सर चहाचा कप घेऊन तिच्या टेबलाला रेलायचे. ऑफिसचे मोठे साहेब, पण बोलणं घरच्यासारखं.

"बोला मैनाताई, आजचा ताजा माल कुठला?"

"तो निळ्या शर्टवाला नका घेऊ सर. तीन महिन्यांत पळंल. कोपऱ्यातली चष्मेवाली बघा, घाबरली हाय पन टिकंल."

आणि ती टिकायची. मुलाखती घेणारे एवढे एमबीए झालेले बसलेत, तरी साहेब आपल्याला विचारतो, या एका गोष्टीवर बारावी शिकलेली विधवा मैना अकरा वर्षं ताठ मानेनं चालली. चहाच्या त्या गप्पांत तिनं सरांना आपलं सगळं गाव दाखवलं. गावदेवीची पालखी दाखवली, हळदीला नाचणारी आळी दाखवली. "पालखी निघाली का आमची मानसं कंपनीला टाटा करतात, सर! सायब बसतो बोंबलत!" असंही ती एकदा खुशीत म्हणाली होती, आणि सर टेबलावर थाप मारून हसले होते.

मग ऑफिसनं नवी पद्धत आणली. उमेदवारांनी घरूनच मोबाइलसमोर बोलायचं, गुण यंत्र देणार. जुने फॉर्म कागद कापायच्या मशीनमध्ये घालायचं काम मैनाकडे आलं. तिसऱ्या गठ्ठ्यात तिला रुतिकाचा फोटो दिसला.

रुतिका म्हणजे रोहिदासची, मैनाच्या धाकट्या भावाची मुलगी. केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झालेली. तळोजाच्या एका रसायन कारखान्याला लॅबसाठी माणूस हवं होतं, तेव्हा मैनानंच तिला हाताला धरून इथं आणलं होतं. पुढे सर म्हणाले होते, "जागा भरली हो, ताई. नेक्स्ट टाइम पक्कं." मैनानं तोच निरोप घरी नेला होता.

आता ती फॉर्म बघत होती. लेखी परीक्षा: पहिली. मुलाखत: पहिली. खाली सरांच्या तिरक्या अक्षरात इंग्रजी ओळ होती. मैनानं शब्दांवर बोट ठेवत ठेवत ती लावली. स्थानिक मुलगी. पालखीला, हळदीला दांडी मारणार. माहिती देणारी: मैना, फ्रंट डेस्क.

तिनं मशीन बंद केलं. गठ्ठा उपसला. करावे, सारसोळे, उलवे, घणसोली. गाव बदलत होतं, फोटो बदलत होता. शेरा तोच, नाव तेच.

ती सरांच्या केबिनमध्ये गेली. "सर, याच्यावर माजं नाव कशाला?"

मितेश सरांनी कागद पाहिला. चेहरा जराही हलला नाही. "अरे ताई, तुम्हीच बोलला होता ना?"

"मी हसत बोललेली."

"हो ना. पण कारखानेवाल्यांना गावची मुलं नकोच असतात. उद्या युनियन करतात, नगरसेवक गेटवर येऊन बसतो. मला फाइलमध्ये काहीतरी कारण दाखवायला लागतं. आणि गावातल्या बाईनंच सांगितलंय म्हटलं की कोण काय विचारणार?" मग त्यांनी आवाज मऊ केला. "टेन्शन नका घेऊ हो. तुमची नजर टॉप आहे. तुमचे सगळे शेरे मी नव्या सिस्टीममध्ये भरलेत. मशीन आता तुमच्यासारखंच बघणार."

"ती पोर पयली आलेली, सर."

"हो, वाईट वाटलं मलाही," म्हणत त्यांनी वाजणारा फोन उचलला.

मैना टेबलावरचा कागद उचलून बाहेर आली.

घरी ती काही बोलली नाही. आठ दिवस बोलली नाही. रोज संध्याकाळी भावाकडे जेवायला जायची आणि बघायची, रुतिका पिठाच्या डब्याला मोबाइल टेकवून त्याच्याशी इंग्रजीत बोलतेय. पोरगी ओठ मिटून हसायला शिकली होती. घरातसुद्धा 'हाय' सोडून 'आहे' म्हणू लागली होती.

रविवारी ताटं वाढता वाढता भावजय पुतळा म्हणाली, "वन्सं, उरनचं स्थल आलंय. मुलाचा सोताचा कंटेनरचा ट्रेलर हाय. पोरगी हो बोलली."

मैनाचा घास हातात राहिला. "हो बोललीस, रुतिका? नोकरी करून पुढं शिकनार होतीस ना?"

"काय करू, आत्ते?" रुतिका ताटाकडे बघत म्हणाली. "पाच इंटरव्ह्यू झाले. माझ्यातच काहीतरी कमी आहे. तुझ्या सरांनाही तेच दिसलं असणार."

"जाऊ दे ना गो आता," रोहिदास म्हणाला. "मैनानं तिच्या परीनं केलं. जागाच नव्हती, ती तरी काय करनार?" आणि त्यानं सुरमईची मोठी तुकडी बहिणीच्या ताटात सरकवली.

मैनानं ताट जरा मागे सारलं.

"जागा होती, रोहिदास."

तिघंही तिच्याकडे बघू लागले.

"तू पयली आलेलीस, रुतिका. लेखीत पन, तोंडी पन. तुज्यात काय बी कमी नाय, बाय. मी सरांना सांगितलेलं, आमच्या गावची मानसं पालखीला कामावर जात नायत. मजेत सांगितलं. त्यांनी ते तुज्या कागदावर लिवलं." तिनं रुतिकाच्या डोळ्यांवरून नजर हलू दिली नाही. "खाली नाव माजं हाय."