कडेला उभी कुसुम

कुसुमला जाऊन वर्ष होत आलं होतं. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात बुद्धमूर्तीशेजारी तिचा फोटो ठेवायचा होता, आणि खंडूकडे तिचा एकही धड फोटो नव्हता.

"पप्पा, तो सीपीआर ओळखपत्रावरचा नको हं," जागृती म्हणाली. "त्यात मम्मी पोलीस स्टेशनात बसवल्यासारखी दिसते."

पोरीचं खरं होतं. स्वतःचा फोटो काढायचा म्हटलं की कुसुम काठी गिळल्यासारखी ताठ व्हायची. परक्या माणसांना मोकळं करायची ती मात्र तीच. खंडूला रस्त्यावरच्या माणसांचे फोटो काढायचा भारी नाद, पण अनोळखी माणसापुढे त्याची जीभ उचलायची नाही. म्हणून सुट्टीच्या दिवशी दोघं मिळून निघायची. कुसुम पुढे जायची, नाव-गाव विचारायची, शेजारी उभी राहून त्या माणसाला हसवायची. तेवढ्यात खंडू बटण दाबायचा. घरी आल्यावर कॉम्प्युटरवर कडेची कुसुम कापून टाकायचा. मूळ फोटोही ठेवायचा नाही, उगाच जागा अडते म्हणायचा.

"कापा मला. पण तो हसलाय माझ्यामुळे, हे ध्यानात ठेवा," ती म्हणायची.

आता त्याने ते सगळे फोटो पुन्हा उघडले. कुठे तिचं कोपर सापडलं, कुठे पदर. उबेद नावाच्या वेल्डरच्या फोटोत कडेला चहाचा कप होता आणि तो धरणारी तिची दोन बोटं. ती बोटं बघताना खंडूला एकदम आठवलं. या फोटोची प्रिंट कुसुमने त्याच दिवशी काढून आणली होती. तुमची कापाकापी होईपर्यंत तो पोरगा म्हातारा होईल, असं म्हणून तिने ती उबेदला नेऊनही दिली होती.

शनिवारी अर्धी रजा टाकून खंडू मीना सलमान बंदरावर गेला. उबेदच्या वर्कशॉपच्या दारात बराच वेळ नुसता उभा राहिला. अकरा महिन्यांत तो कुणाशी आपणहून बोलला नव्हता. आणि प्रिंट फेकून दिली असेल तर?

शेवटी उबेदनेच तोंडावरची काच वर केली. "अरे चाचा! चाची किधर है? पीछे रह गई क्या?"

"गुजर गई," खंडू म्हणाला.

उबेदने हातमोजे काढले.

"वो फोटो... है क्या अभी?" खंडूने विचारलं.

"है ना!"

त्याच्या लोखंडी कपाटाच्या दारावर आतून प्रिंट चिकटवलेली होती. एका कोपऱ्याला ग्रीसचा डाग पडला होता. उबेद हसत होता आणि त्याच्या शेजारी, हातात त्याचा चहा धरून, कुसुम मान मागे टाकून खदखदून हसत होती.

खंडू तिथेच एका खोक्यावर बसला. आपल्याला रडू येईल असं त्याला वाटलं होतं. आला तो मोठा श्वास, आणि त्याच्या पाठोपाठ हसू.

"इतना क्यों हँसी थी?"

"बोली, जल्दी मुस्कुराओ. मेरा आदमी शाम तक बटन नहीं दबाएगा, तब तक तेरी चाय मैं पी जाऊँगी!"

उबेद प्रिंट द्यायला तयार होईना. "ये मेरी है. इसका फोटो खींच लो." त्याने ती सोडवून छातीशी धरली. खंडूने कॅमेरा उचलला तसा तो म्हणाला, "और चाचा, इस पे हार चढ़ाओगे ना? तो मुझे काट देना. मैं अभी ज़िंदा हूँ!"

घरी येऊन खंडूने पहिल्यांदाच दुसऱ्या बाजूने कापलं. जागृती स्क्रीनकडे बघत राहिली, मग तिने ओढणीने डोळे पुसले.

"अशीच हसायची," ती म्हणाली. "पण पप्पा, हे कोपर कुणाचं? अजून थोडं क्रॉप करा ना."

"राहू दे," खंडू म्हणाला. "तिच्या हातातला चहा त्याचाच आहे."