फुवाजींचा फिल्टर

आमच्या गाडीच्या तेलाचा फिल्टर निवडताना आमच्या घरात जेवढा विचार झाला, तेवढा माझं लग्न ठरवताना झाला नव्हता. तेव्हा माझ्या वडिलांनी मुलगा पाहिला, मुलाची बाग पाहिली, झाडाखाली उभ्या उभ्या संत्र्याची एक फोड तोंडात टाकली आणि हो म्हणून मोकळे झाले. फोड गोड होती. मुलगा पुढे कसा निघेल हे फोडीवरून कळत नाही, हे मला सावसर सोडून पांढुर्ण्याला नांदायला आल्यावर समजलं.

तर झालं असं की माझ्या भावाच्या, म्हणजे हिरामणच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं. उर्वशी तिचं नाव. मुलगा रामाकोन्याचा, माणसं चांगली. आमच्या माहेरची रीत अशी की साक्षगंधाला मुलीच्या बसण्याचा पाट तिच्या आत्याने आणि फुवाजींनी, म्हणजे आत्याच्या नवऱ्याने, जोडीने धरून मांडायचा. आत्या एकटी आली तर तिने पाटाला हात लावायचा नाही. मग तो मान मुलीच्या मावशीकडे जातो. उर्वशीची मावशी बाई म्हणून वाईट नाही, पण जिला मी मांडीवर खेळवली त्या पोरीचा पाट माझ्या डोळ्यांदेखत तिने मांडावा, हे मला जन्मात सहन झालं नसतं.

अडचण एकच. माझे यजमान भगवंतराव आणि माझा भाऊ हिरामण दोन वर्षांपासून एकमेकांशी बोलत नव्हते.

कारण ऐकाल तर हसाल. व्यापारी आमच्या बागेतला आंबिया बहाराचा माल पाहायला आला होता आणि हिरामण नेमका त्याच दिवशी आमच्याकडे टपकला. त्याने ढिगातलं एक संत्रं उचललं, हातात दोनदा झेललं आणि व्यापाऱ्यासमोर म्हणाला, "भाटवे, यंदा माल हलका वाटून राहिला." बहिणीच्या नवऱ्याला आमच्याकडे भाटवे म्हणतात. आता हिरामणचं सावसरला गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान. त्याला संत्र्यातलं काय कळतं? पण तोंड आहे ना, मग काहीतरी बोलायचं. आणि आमच्या ह्यांची सगळी पुण्याई तळहातात. फळ हातावर ठेवलं की आत रस किती ते सांगतात, मंडीत लोक त्यांना मुद्दाम बोलावून नेतात. त्यांनी हिरामणला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ते काहीच बोलले नाहीत, आणि तेव्हापासून बोललेच नाहीत.

त्यात हिरामणने साक्षगंधाचं आमंत्रण पाठवलं माझ्या मोबाइलवर. वर गणपती, खाली चमचमणारी फुलं. फुवाजीला दारात येऊन, कपाळाला कुंकू लावून बोलवावं लागतं, हे त्याला काय माहीत नव्हतं? पण दारात आलं की बोलावं लागतं, म्हणून गणपतीला पुढे केलं. ह्यांनी मोबाइल लांब धरून सगळं वाचलं आणि मला परत दिला.

"छान हाय," म्हणाले.

"मंग जायचं ना?"

"मी कुठं नाई म्हटलं? पण गाडीचं तेल बदलल्याबिगर मी एवढ्या लांब गाडी काहाडत नसतो."

पांढुर्ण्याहून सावसर असं काय लांब आहे? पण मी वाद घातला नाही. तेल बदला म्हटलं, आंघोळ घाला गाडीला, पण चला.

योगेशच्या गॅरेजमध्ये गाडी जॅकवर चढली. त्याने जुनं तेल काढलं, जुना फिल्टर काढून फेकला आणि नवा आणायला सांगितलं. फिल्टर म्हणजे ओंजळीत मावेल एवढा पत्र्याचा डबा. इंजिनातलं तेल त्यातून गाळून निघतं. दुकानात जायचं, गाडीचं नाव सांगायचं, दुकानदार देईल तो आणायचा. संपलं. पण आमच्या ह्यांनी पहिल्याच दुकानात डबा तळहातावर ठेवला आणि डोळे मिटले. मला तेव्हाच धडकी भरली.

"हा हलका हाय."

"काका, फिल्टर हलकाच असते," दुकानदार म्हणाला.

"हलका म्हणजे आत माल कमी." ह्यांनी डबा कानाशी नेऊन नखाने वाजवला. मग त्याच्या तोंडावरच्या रबरी रिंगेचा वास घेतला. "अन रबर शिळं हाय."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्या छताच्या पंख्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दुकानातला फिल्टर वजनाला बरा होता, पण एका बाजूने जड होता म्हणे. स्टेशनकडच्या दुकानात एक सापडला, तर त्याचा रंग ह्यांना कच्चा वाटला. कच्चा! मी म्हटलं, "अहो, फिल्टर पाहून राहिले का सोयरीक जमवून राहिले?"

"इंजिनाचा जीव असते त्याच्यावर. तुले नाई समजत."

"मंग हिरामणच्या दुकानातून आना. मागचाही तिथलाच होता ना?"

हे थांबले. "जिल्हा कोन्ता हाय आपला?"

"पांढुर्णा."

"अन सावसर?"

"त्यातली तहसील."

"मंग जिल्ह्याच्या ठिकानी नाई भेटत अन तहसीलीत भेटते म्हनतं?"

पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हापासून हे आमच्या माहेराशी असेच बोलतात. जसा काही जिल्हा ह्यांनीच घरी बसून केला.

सगळ्यांना दिसत होतं की काय चाललं आहे. साक्षगंधाचा दिवस निघून जाईपर्यंत ह्यांना फिल्टर पसंत पडणार नव्हता, म्हणजे जायला नाहीही म्हणायचं नाही आणि जायचंही नाही. पण शनिवारी दुपारी घात झाला. बाजाराच्या टोकाला मालवाहू गाड्यांचे सुटे भाग विकणारा एक जण आहे, त्याच्याकडे ह्यांना एक दणदणीत फिल्टर दिसला. हातात घेतला आणि चेहरा असा फुलला की काय सांगू. बिचारे स्वतःच्या बहाण्याला स्वतःच फसले.

"याले म्हनतात फिल्टर!"

"अहो, गाडीचं नाव तरी सांगा त्याले."

"नावानं का होते? हातात घेतलं की समजते."

योगेश तर समोर येईल त्याला हो म्हणणारा. "मस्त माल हाय काका," म्हणून तो गाडीखाली शिरला. खालून खरखर आवाज आला, मग धापा, मग हळूच एक शिवी.

"काका, हा बसून नाई राहिला."

"जोर लाव."

"लावला."

"थोडं तेल लाव."

"कितीही लावा काका, याचं तोंडच मोठं हाय. हा पिकअपचा हाय."

तोवर दुकानं बंद व्हायला लागली होती आणि दुसऱ्या दिवशी रविवार. ज्या रविवारी साक्षगंध, तोच. गाडी तेलाविना आणि फिल्टराविना जॅकवर. मी म्हटलं, बसने जाऊ. तर हे म्हणाले, "फुवाजी का बसमंदी लोंबकळत जाते?" आणि घरी येऊन आरामात जेवले. परीक्षा रद्द झालेल्या पोरासारखा चेहरा झाला होता त्यांचा. वर भाकरी मागून घेतली.

मी मागच्या अंगणात गेले आणि रडले. दुःखाने नाही, रागाने. दोन म्हातारे होऊ घातलेले पुरुष, एका संत्र्यावरून रुसलेले, आणि मध्ये मी. मग डोळे पुसले आणि हिरामणला फोन लावला.

"तुझ्या भाटव्यांनी गाडीचा फिल्टर मागतला हाय. तुझ्याच दुकानचा पायजे म्हनतात."

तिकडून आवाज आला, "त्यांनी? सोताच्या तोंडानं?"

"मंग काय माझ्या तोंडानं?" मी म्हटलं.

मला वाटलं, सकाळच्या बसमध्ये कुणाच्या तरी हाती पाठवून देईल. पण रविवारी सकाळी मी सडा टाकत होते तर दारात मोटारसायकल थांबली आणि हिरामण उतरला. घरात मुलीचं साक्षगंध, मांडवात पाहुणे, आणि मुलीचा बाप नव्या कुडत्यात, भुवयांपर्यंत धुळीने माखून आमच्या दारात. मला आनंद व्हायला पाहिजे होता. पण माझा सडा अर्धाच राहिला, कारण हे बाहेरच ओट्यावर बसले होते.

हिरामणने पिशवी दोन्ही हातांनी पुढे धरली. "भाटवे, तुमी मागतला म्हनून आनला."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सड्याच्या बादलीत पाहिलं. आता हे म्हणणार, मी कवा मागतला? मग हिरामण मोटारसायकल वळवणार, आणि माझं माहेर दोन वर्षांसाठी नाही, कायमचं बंद होणार. पाट तर गेलाच. मावशी कोणती साडी नेसेल हेसुद्धा मला दिसायला लागलं.

"हव, मागतला होता," हे म्हणाले. "काल मागतला अन तू आज आनून राहिला. एवढा उशीर असते का?"

दोन वर्षांनंतरचं पहिलं वाक्य, आणि तेही खडसावणारं. पण हिरामणचं तोंड असं उजळलं, जसा काही कुणी त्याच्या गळ्यात हार घातला. "चुकलं भाटवे," म्हणाला. मी आत पळाले आणि कुंकवाचा करंडा आणून त्याच्या हातात कोंबला. त्याने ह्यांच्या कपाळाला कुंकू लावलं. घाईत बोट घसरलं आणि कुंकू नाकापर्यंत आलं.

गॅरेजमध्ये हिरामणने पिशवीतून एक नाही, दोन फिल्टर काढले. "दोन आनले. कोन्ता लावाचा ते तुमीच पाहा. मले वजनातलं नाई समजत."

ह्यांनी दोन्ही तळहातांवर एकेक डबा ठेवला, डोळे मिटले आणि हात खालीवर करायला लागले. योगेश श्वास रोखून उभा. मी गाडीवर ठेवलेल्या दोन रिकाम्या खोक्यांकडे पाहिलं. दोन्हींवर एकच कंपनी, एकच नंबर, सगळं एकच. हिरामण खाली मान घालून चपलेने माती उकरत होता.

"हा," हे शेवटी म्हणाले. "याच्यात दम हाय."

"मी बी तेच म्हनून राहिलो होतो," म्हणाला हिरामण. तोलणं चालू असताना तो एक अक्षर बोलला नव्हता.

फिल्टर झटक्यात बसला, योगेशने नवं तेल भरलं. हिरामण मोटारसायकलवर पुढे आणि आम्ही गाडीत मागे. जामसांवलीच्या फाट्यावर ह्यांनी वेग कमी करून मारुतीला हात जोडले. नाकावरचं कुंकू तसंच होतं. मला राहवलं नाही.

"दोन्ही एकाच नंबरचे होते."

"मले डोळे हायेत."

"मंग एवढा वेळ काय तोलून राहिले होते?"

त्यांनी गियर बदलला. मग म्हणाले, "पोरीचं साक्षगंध टाकून आला तो. अन तू माझ्यापाई पहिल्यांदा खोटं बोलली."

पहिल्यांदा, असं त्यांना वाटत होतं. मी वाटू दिलं.

मांडवात पोचलो तर रामाकोन्याची माणसं बसलेली. मी लुगड्याचा पदर खोचला, पाटाची एक बाजू धरली, दुसरी ह्यांनी धरली. टेकवणार तोच हिरामण म्हणाला, "भाटवे, जरासा पूर्वेकडं."

"पूर्वेकडंच हाय."

"ते उत्तर हाय."

"मले दिशा सांगतं? तुझ्या घराचंच तोंड वाकडं हाय!"

"घर माझं हाय, मले मालूम हाय त्याचं तोंड!"

"मंग बांधाच्या वक्ती झोपला होता का?"

आवाज चढले. व्याही बावरले, भटजी अक्षता मुठीत धरून बसले, आणि खाली मान घातलेल्या उर्वशीचे खांदे हसून हसून हलायला लागले. मावशी लगबगीने पुढे आली, "ताई, मी करू का सरळ?"

"हात लावू नका," मी म्हटलं.

माझे हात भरून आले होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बायकांना वाटलं, भाची परक्याची होणार म्हणून आत्या रडते. दोन वर्षं ह्या दोघांनी एकमेकांना साधं 'वाकडं' म्हटलं नव्हतं. भांडा म्हटलं, चांगलं पोटभर भांडा. मी पाट धरून उभी आहे.